मनाई आहे म्हणून सांगा

माणसाला नाही म्हणावं, पण नुसतं लटकवून ठेवू नये, एवढंही शहाणपण यशवंतरावांना नव्हतं. सौंसरकडच्या एका लहानशा टेलिफोन एक्स्चेंजचे ते साहेब. मंत्र्याचा दौरा होता, म्हणून पांढुर्ण्याची एकुलती एक लाइन संध्याकाळपर्यंत फक्त अधिकाऱ्यांसाठी राखलेली. कारण सांगितलं की लोक भांडतात, तेव्हा साहेबांचा हुकूम असा की कोणीही येवो, ‘लागत नाही, थोड्या वेळानं पाहा’ एवढंच म्हणायचं.

ऑपरेटर शोभा सकाळपासून तेच म्हणत होती. खिडकीशी रामाकोन्याचा गुणवंता उभा होता. त्याची बायको मनकर्णा इथल्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी खोळंबली होती. तिच्या गटाचं रक्त तिच्या भावाचं, सुखदेवचं, आणि तो पांढुर्ण्याला. रक्ताशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. फोन लागला की सुखदेव तिकडून निघेल, या आशेवर गुणवंताने पांढुर्ण्याची एक बस डोळ्यांदेखत जाऊ दिली होती.

आता दुसरी समोर उभी होती. तो पुन्हा म्हणाला, आता पाहा नं बाई.

मागे साहेब चहा पीत बसलेले, आणि तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. पण हे तर गोड बोलून केसानं गळा कापणं झालं. कंडक्टरने घंटी मारली.

"भाऊ, लाइन चांगली आहे. तुमाले द्यायची मनाई आहे. संध्याकाळपर्यंत भेटत नाही. बस धरा."

गुणवंता धावला. चालत्या बसचा दांडा त्याच्या हाती लागला, तेव्हाच शोभा खिडकीतून मागे वळली.

यशवंतरावांनी तिला फैलावर घेतलं. उद्यापासून येऊ नको, इथवर गेले. शोभाने हेडफोन डोक्याला लावला आणि पुढचा कॉल जोडला.

दुपार कलल्यावर पांढुर्ण्याकडून कॉल आला. अधिकारी असेल म्हणून साहेबांनी स्वतःच घेतला. तिकडची ऑपरेटर प्रतिभा होती.

"शोभाले सांगा, गुणवंता पोचला. सुखदेवले जीपमधी घेऊन निघाला. जाताना इथं थांबून म्हणे, बाईनं खरं सांगतलं म्हणून बस भेटली."

यशवंतरावांनी फोन ठेवला. खिडकीशी एक शेतकरी आला, त्यालाही पांढुर्ण्यालाच फोन करायचा होता. शोभाने साहेबांकडे पाहिलं. ते उठले आणि स्वतः खिडकीत वाकले.

मंत्र्यासाठी लाइन ठेवलीय, संध्याकाळपर्यंत मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शेतकरी भांडायला उठला, अगदी साहेबांना भीती होती तसाच.

"भांडण मंग करा," यशवंतराव म्हणाले. "बस उभी आहे, ते पाहा आधी."