मुन्सिफच्या चुलीवरचे तांब्याचे भांडे

मित्रांनो, माझ्या पोटात कुणी हात घातला, तर आजही त्याच्या बोटांना नारिंगाच्या फुलांचा वास लागेल. मी समुद्रकाठच्या नाबुल गावातले एक जुने तांब्याचे भांडे आहे. फुलांचा अर्क काढणे हे माझे काम. खाली माझे गोल पोट, त्यात पाणी आणि फुले. वर डोके, त्याला लांब सोंड. चुलीवर चढवले की वाफ डोक्यात शिरते, डोक्यावरच्या गार पाण्याने निवते आणि सोंडेतून थेंब थेंब बाटलीत उतरते. हे फुलपाणी आमच्याकडे कशाला लागत नाही? तान्ह्याचे पोट दुखले, कुणाला ऊन लागले, ईदच्या मिठाईला वास हवा झाला, की आधी माझी आठवण होते.

कैरवानच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, आतून चांदीसारखी कल्हई केली. एका नवरीच्या पाठवणीच्या सामानातून मी नाबुलला आले. त्या नवरीकडून तिच्या लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. नातीचे नाव हयात. वसंतात फुले आली की हयात मला अंगणात मांडायची आणि दिवसभर गुणगुणत माझ्यापाशी बसायची. तिचा नवरा मुन्सिफ मडक्यांच्या कारखान्यात भट्टी लावायचा. दुर्साफ आणि रिहाब या त्यांच्या दोन मुली. हज करून आलेल्या हाज्जा झुबैदा नावाच्या म्हातारीच्या घरात खालच्या मजल्यावर ते भाड्याने राहात. हाज्जा एकटी वर राहायची.

एका हिवाळ्यात हयात तापाचे निमित्त होऊन गेली. मुन्सिफने मला पोत्यात गुंडाळून गच्चीवर ठेवले. पुढे पोते फाटले. हाज्जाच्या कोंबड्या माझ्यातले पावसाचे पाणी पिऊ लागल्या. ज्या पोटातून राजवाड्यात न्यावे असे पाणी निघायचे, त्यात आता पिसे तरंगत होती. वाईट वाटायचे, पण कुणाला सांगणार?

मुन्सिफ मुलींच्या वेण्या घालायला शिकला. डबे करायला शिकला. आणि मग मडक्यांचा कारखाना बंद पडला. कधी बांधकामावर, कधी बाजारात ओझी उचलायला तो जाऊ लागला. पोट कसेबसे भरे, भाडे मात्र थकत गेले.

हाज्जाचे दार गच्चीच्या जिन्यालाच होते, म्हणून तिथले बोलणे मला ऐकू यायचे.

"मुन्सिफ, तीन महिने झाले," हाज्जा म्हणाली. "मी काय हवा खाऊन राहू?"

"काम सुटलंय हाज्जा. मिळेल ते करतोय. थोडं थांबा."

"मी थांबेन रे. अनीस थांबू देत नाही." अनीस म्हणजे तिचा राजधानीत राहणारा भाचा. "तो म्हणतो, खालचं घर उन्हाळ्यात समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना देऊ. आठवड्याला महिन्याचं भाडं मिळतं म्हणे. आणि मला तिकडे नेऊन ठेवणार, त्याच्या चौथ्या मजल्यावर. एप्रिल संपेपर्यंत दुसरीकडे बघ बाबा."

"बघतोच आहे. जिथे जातो तिथे पहिला प्रश्न, घरात बाई कोण आहे? कुणी नाही म्हटलं, की खोली कालच गेलेली असते."

 हाज्जाने दार लोटून घेतले.

मुन्सिफने आधी टीव्ही विकला, मग स्वतःची मोटरसायकल. शेवटी तो गच्चीवर आला आणि त्याने मला उचलले. माझे डोके दुर्साफने घेतले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. दोघे मला घेऊन शाज़ली भंगारवाल्याकडे गेले.

शाज़लीने माझ्या पोटावर बोटाचे पेर आपटले. "घेईन तांब्याच्या वजनाने. पण दोन आठवड्यांत फुलं येतील, मुन्सिफ. आता हे विकणं म्हणजे थंडीच्या तोंडावर घोंगडी विकणं झालं."

"माझी थंडी आत्ताच सुरू आहे."

"बाबा," दुर्साफ म्हणाली, "आई काढायची तसं फुलपाणी आपण काढू ना. विकू."

"ते बायकांचं काम असतं, बाळ."

"मग भाडं भरणं कुणाचं काम असतं?"

शाज़ली हसला. "दे आता उत्तर."

 मुन्सिफने मला पुन्हा खांद्यावर घेतले. येताना तो एकदाही थांबला नाही, तेव्हाच मी ओळखले की आता मी गच्चीवर जाणार नाही.

लिंबू आणि मीठ लावून त्याने मला घासले. माझा लाल रंग पुन्हा वर आला. बाजारात पहिली फुले आली, तेव्हा भाड्यापोटी जेवढे साठले होते तेवढे सगळे घालून त्याने गाठोडेभर फुले आणली. पण मित्रांनो, मुन्सिफ होता मडकी भाजणारा. आग म्हणजे धगधगती, एवढेच त्याला ठाऊक. त्याने माझ्याखाली अशी लाकडे रचली की माझे पोट खदखदू लागले. आतली फुले उसळून डोक्यात शिरली. सोंडेतून पाणी आले ते पिवळट.

धाकट्या रिहाबने बाटलीला नाक लावले. "बाबा, करपलेल्या भाकरीचा वास येतोय."

तेवढ्यात उघड्या दारातून एका शेजाऱ्याने डोकावले. "काय मुन्सिफ, उद्यापासून भाकऱ्यापण थापणार का?"

"थापतोच. पाठवू का तुझ्याकडे दोन? तुझी बायको म्हणत होती, तुला गरम मिळत नाही."

शेजारी हसत निघून गेला. मुन्सिफने मात्र फडक्याने माझे कान धरून मला चुलीवरून उतरवले. निम्मी फुले वाया गेली होती. तो गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसून राहिला. मुली त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या.

मग जिन्यावर काठी वाजली. गुडघे धरल्यापासून हाज्जा खाली उतरत नसे. आज एकेक पायरी मोजत ती उतरली.

"वरपर्यंत जळका वास आलाय," ती म्हणाली. "ही काय मडक्यांची भट्टी आहे? फुलं आहेत ती. ओढ ती लाकडं बाहेर. आणखी ओढ. एवढा एक निखारा ठेव."

मुन्सिफने लाकडे ओढली.

"हयात कसं करायची ते कधी बघितलं नाहीस?"

"रोज बघायचो. पण तिच्याकडे बघायचो हाज्जा, आगीकडे नाही."

हाज्जाने मान वळवली.  मग म्हणाली, "दुर्साफ, तो पाट इकडे दे. आणि पीठ मळ थोडं. सांध्याला लिंपायला लागेल, नाहीतर वाफ पळून जाईल."

उरलेली फुले माझ्या पोटात गेली. या वेळी आग इतकी मंद होती की मला गुदगुल्या झाल्यासारखे वाटले. डोक्यावरचे पाणी कोमट झाले की हाज्जा काठीने खूण करी आणि रिहाब गार पाणी आणून देई. दुपार कलली तेव्हा सोंडेच्या टोकाशी पहिला थेंब आला. स्वच्छ, काचेसारखा. हाज्जाने तो मनगटावर चोळला, वास घेतला.

"हं," ती म्हणाली.

एवढेच. पण मुन्सिफने तोंड फिरवून डोळे पुसले.

शेजारच्या सालिहाच्या घरी हा वास गेला. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या ती चादरीच्या गाठोड्यात फुले घेऊन दारात उभी.

"मुन्सिफ, एक विचारू? माझ्या झाडाची फुलं दरवर्षी गळून वाया जातात. दिवसभर चुलीपाशी बसायला मला कुठला वेळ? तू काढून दे. चार बाटल्या निघाल्या तर एक तुझी."

"लोक काय म्हणतील, गड्याकडून फुलपाणी काढून घेतलं?"

"लोकांना माझ्या घरी कॉफी प्यायला बोलवीन. तिथे म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी सालिहाने कारखान्यात सांगितले असावे. तिसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात रीघ लागली. बायका सकाळी कामावर जाताना फुलांची गाठोडी ठेवून जात, संध्याकाळी बाटल्या घेऊन जात. कुणी वाटा देई, कुणी रोख पैसे. वाट्याच्या बाटल्या मुन्सिफ मिठाईवाल्यांना विकू लागला. मी इतक्या वर्षांत इतके काम कधी केले नव्हते. एकदा माझी सोंड सांध्याशी फाटली, तेव्हा शाज़लीने स्वतः येऊन ती डाग देऊन जोडली आणि पैशांऐवजी दोन बाटल्या मागून नेल्या. हाज्जा रोज खाली येऊ लागली. तिची कॉफी खाली, जेवण खाली, भांडणेसुद्धा खालीच.

"मीठ जास्त झालंय कुसकुसात," ती म्हणे.

"कालही हेच म्हणालात, आणि दोनदा वाढून घेतलंत," मुन्सिफ म्हणे.

"अन्न टाकू नये म्हणून घेतलं."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अनीस आला. बरोबर रंगारी होता, भिंती बघायला. दार उघडून त्याने पाऊल उचलले आणि ते तसेच हवेत राहिले. सगळ्या अंगणभर चादरी अंथरलेल्या, चादरींवर पांढरी फुले, आणि मध्येमध्ये सुटीच्या दिवशी स्वतः आलेल्या बायका देठ निवडत बसलेल्या.

"बूट काढ," हाज्जा माझ्यापाशी बसून म्हणाली. "फुलं तुडवशील."

अनीसने बूट काढले. "आत्या, हे काय चाललंय? आज यांनी घर सोडायचं ठरलं होतं ना? तीन महिन्यांचं भाडं थकलंय."

"चार," मुन्सिफ म्हणाला. तो आत गेला आणि फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आला. सगळ्यांच्या देखत त्याने ते हाज्जाच्या मांडीवर ठेवले. "चारही महिन्यांचं आहे. आणि पुढच्या महिन्याचं वर."

बायकांचे हात थांबले. हाज्जाने फडक्याची गाठ सोडली नाही, नुसता त्यावर हात ठेवला.

अनीस आवाज उतरवून म्हणाला, "चांगली गोष्ट आहे. पण आत्या, पाहुणे एका उन्हाळ्यात याच्या वर्षभराएवढे पैसे देतील. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"उन्हाळ्यात देतील. नोव्हेंबरात माझ्या जिन्यावरचा दिवा कोण बदलेल? तू येशील राजधानीतून?"

"तू तिकडेच असशील ना माझ्याकडे."

"चौथ्या मजल्यावर. तिथून मला काय दिसणार? समोरच्याची वाळत घातलेली पॅंट." बायका हसल्या. हाज्जा हसली नाही. "अनीस, तू माझ्या भावाचा मुलगा आहेस, तुझ्यावर माझा जीव आहे. पण मी इथून हलणार नाही. आणि हा मुन्सिफही हलणार नाही. दोन वर्षं मी वर बसून मरणाची वाट बघत होते रे. आता मला सकाळी खाली उतरायची घाई असते."

 सालिहाने अनीसपुढे कॉफी ठेवली, वर फुलपाण्याचे दोन थेंब. त्याने घोट घेतला, मग आणखी एक. रंगारी केव्हाच देठ निवडायला बसला होता.

पुढच्या सोमवारी हाज्जा मुन्सिफचा हात धरून नगरपालिकेत गेली. दोघांनी भाड्याचा पक्का करार केला, पाच वर्षांचा, शिक्का मारून. परत आल्यावर दुर्साफने तो मोठ्याने वाचला. रिहाबने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हणजे आता भिंतीत खिळा मारला तर चालेल?" तिने विचारले.

"मार," हाज्जा म्हणाली. "पण सरळ मार."

घर सोडायचे म्हणून सामानात बांधून ठेवलेला हयातचा फोटो त्यांनी बाहेर काढला. खिळा वाकडाच गेला. हाज्जाने पाहिले आणि फोटो त्यावरच लावायला सांगितले.

आता मुन्सिफच्या चुलीवर माझ्याशिवाय आणखी दोन भांडी आहेत, नवी कोरी. ती माझ्याहून चकचकीत आहेत, पण हाज्जा आपली फुले माझ्याच पोटात घालायला लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने भांडे माळ्यावर धूळ खात असेल. त्याला खाली काढा, कल्हई करा, त्याच्या हाताला काम द्या. कपाटात काचेमागे ठेवून त्याचे कौतुक करू नका, त्याने आम्ही मरतो. आणि तुमच्या गल्लीत एखादी आई किंवा एखादा बाप एकट्याने घर सावरत असेल, तर लांबून हळहळू नका. सालिहासारखे गाठोडे घेऊन त्याच्या दारात उभे राहा आणि म्हणा, माझे एवढे काम करून दे. दार उघडेल. आमचे तर सकाळपासून उघडेच असते.