एक्केचाळिसावी ओळ

>
संगणकाच्या काळ्या खिडकीत चौकोन लुकलुकतोय. बाबांचं डावं बोट कीबोर्डवर. उजवा हात आणि जीभ तीन महिन्यांपासून बंद.

समोर तपासनीस बाई, मांडीवर फॉर्म. माणसाला समज आहे की नाही, एवढंच त्या ठरवणार. "नाही" ठरलं की सोमवारी गाडी येणार आणि बाबा कायमचे शुश्रूषा-निवासात.

बोट ठेवून बोलायची चित्रांची पाटी बाबांनी भिरकावून दिली होती. तीस वर्षं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केलेला माणूस! म्हणून मीच त्यांच्यासाठी शेल लिहिला, एक छोटासा प्रोग्राम. हुकूम वाचायचा, चालवायचा, पुढचा विचारायचा. हुकूम दोनच: 'दिवा' आणि 'बोल'. छापलेला कोड सकाळपासून त्यांच्या उशाशी पडलाय.

"काका, दिवा लावता का?"

> दिवा

लागला! बाई म्हणाल्या, वा, आणि मी श्वास सोडणार तेवढ्यात खिडकी

>
मिटली होती. पुन्हा सुरू केली. कुठे चुकलं? काल मी एकेकच हुकूम देऊन बघितला होता. दुसरा दिलाच नाही. मूर्ख.

"आज वार कोणता?"

बोट हळूहळू सरकलं.

> बोल ४१

"एक्केचाळीस," स्पीकर ठणठणीत आवाजात म्हणाला आणि खिडकी

>
पुन्हा सुरू.

"मुलं किती तुम्हाला?"

> बोल ४१

"एक्केचाळीस."

"बाबा, अहो! एकच आहे, आणि तीच डोक्याला ताप झालीय!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्मवर खूण केली, पेनाचं टोपण लावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खूप केलंत हो." त्या दाराकडे गेल्या.

बाबा माझ्याकडे बघत होते. डोळे वटारून. लहानपणी माझं गणित तपासताना बघायचे, अगदी तसे. तेव्हाही चूक कधी सांगायचे नाहीत. फक्त ओळ सांगायचे. सातवी. बारावी. बघ जा.

ओळ.

मी उशाजवळचे कागद ओढले. चाळीस. एक्केचाळीस: आलेला हुकूम चालव.

देवा. शेल स्वतःचीच जागा हुकुमाला देत होता. हुकूम संपला की शेलही संपला. आधी स्वतःची प्रत काढायची, हुकूम प्रतीकडे सोपवायचा, आपण थांबून राहायचं. पहिल्या धड्यातली गोष्ट.

"बाई, दोन मिनिटं!"

"माझी पुढची भेट आहे, ताई."

बाईंचा एक बूट चढला. मी टाइप करतेय. अर्धविराम राहिला. पुन्हा. दुसऱ्या बुटाची नाडी सुटेना. चाललं.

"बाबा, वार. वार सांगा. प्लीज."

> बोल बुधवार

"बुधवार."

चौकोन लुकलुकत राहिला.

"फॉर्म भरून झालाय," बाई दारातून म्हणाल्या, पण पाय उचलला नाही.

> बोल मुलगी एक

> बोल घाई फार करते

स्पीकरनं दोन्ही वाक्यं तशीच ठणठणीत म्हटली. बाई एका पायात बूट, दुसरा हातात, अशा आत आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"पुन्हा पहिल्यापासून विचारते, काका. चालेल?"

>