‘हे’ म्हणजे कोण?

“आणि इथे परत तेच,” सर म्हणाले. “‘हे रोज सकाळी गॅलरीत वाळत घालायचे.’ काय वाळत घालायचे?”

“कपडे,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

“कोण?”

“हे.”

“तेच विचारतोय मी, मॅडम. हे म्हणजे काय?”

“काय नाही हो सर, कोण. हे म्हणजे…” बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “हे म्हणजे हे.”

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. वयाने ते बाईंच्या मुलीएवढे, नोकरीला नुकतेच चिकटलेले. वर्गातल्या पोरापोरींनी बाईंना पहिल्याच आठवड्यात ‘मावशी’ करून टाकलं होतं, सर मात्र न चुकता ‘मॅडम’ म्हणायचे आणि चुकाही तितक्याच आदराने काढायचे. आत्ता त्यांच्या टेबलावर बाईंची फाइल उघडी होती. लेखनाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं काम म्हणजे हा पोर्टफोलिओ. वर्षभरातले पाच लेख निवडायचे, सुधारायचे, प्रत्येकाचा कच्चा खर्डा पक्क्या प्रतीच्या खाली लावायचा आणि सगळ्यांच्या वर ‘मी काय बदललं आणि का’ असं मनोगत जोडायचं. बाई त्याला सरळ ‘फाइल’ म्हणत. लग्नात अर्धवट सुटलेली पदवी ह्या एका फाइलवर येऊन थांबली होती.

“बाकीचे चार मला आवडले,” सर म्हणाले. “पाणीखात्याला लिहिलेला तक्रारअर्ज वाचून तर मीच पाना घेऊन निघणार होतो. पण हा पाचवा. लिफ्ट दिसते, दोर दिसतात, ग्रीसचा वाससुद्धा येतो. माणूस तेवढा दिसत नाही. तो ‘हे’च्या मागे लपून बसलाय. परीक्षक बाहेरून येणार, त्यांना काय कळणार? मलाही दुसऱ्या पानावर कळलं की हे तुमच्या यजमानांबद्दल आहे. सुरुवातीला मला वाटलं, लिफ्टच्या एखाद्या भागाबद्दल आहे.”

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. पानभर पेन्सिलीच्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघ ह्यांच्याखाली होती.

“हा लेख काढून दुसरा घातला तर?” सरांनी मऊ आवाजात विचारलं. “तुमचा तो मांजराचा लेख होता ना. शुक्रवारपर्यंत सहज होईल.”

“मांजर शेजाऱ्यांचं आहे,” बाई म्हणाल्या आणि फाइल उचलून निघाल्या.

ऑपरेटरबाईंची नोकरी मोठ्या इस्पितळातल्या टेलिफोनच्या खोलीत. बाहेरचे फोन आत जोडायचे, आतले बाहेर, आणि कोणी सापडत नसलं की माइकचं बटण दाबून सगळ्या मजल्यांवर त्याचं नाव पुकारायचं. डॉक्टर, नर्स, रक्तपेढीतले, अगदी गाडी वाटेत लावून गेलेले नातेवाईकसुद्धा. जन्म गेला लोकांची नावं घेण्यात. बायका चेष्टा करायच्या, की बाईंनी हाक मारली तर शवागारातलाही उठून येईल.

ह्यांचं नावही त्या माइकवरच बाईंच्या तोंडी आधी आलं होतं. इस्पितळाच्या लिफ्ट तेव्हा जुन्या आणि मानी होत्या, मनात येईल तिथे थांबायच्या. मग बाई पुकारायच्या, ‘लिफ्ट मेकॅनिक,’ पुढे ह्यांचं नाव, ‘तळमजल्यावर या.’ आणि एक सडसडीत तरुण हातातली पिशवी सावरत जिन्यावरून पळत यायचा. लिफ्टवाला, पण आयुष्यभर जिना चढला. घरही मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. एके दिवशी तो टेलिफोनच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला होता, “तुम्ही बोलावलंत की लिफ्टपेक्षा मीच आधी खाली येतो.” एवढंच. पण बाईंना तेवढं पुरलं.

लग्नानंतर नाव जे जिभेवरून उतरलं ते उतरलंच. कोणी मना केलं नव्हतं. आपोआप ‘अहो’ आणि ‘हे’ झालं. पंचाईत माइकवर झाली. लिफ्ट अडकली, बटण दाबलं आणि बाईंच्या तोंडून नावच येईना. शेवटी त्या म्हणाल्या, “लिफ्टचे मेकॅनिक, जिथे असतील तिथून त्यांनी तळमजल्यावर यावं.” सगळ्या मजल्यांवर लोक खो खो हसले. पेशंटही हसले म्हणे. मग तेच चालू राहिलं.

आता ते सगळं संपलं होतं. लिफ्ट नव्या आल्या होत्या, काचेच्या, मुकाट चालणाऱ्या. त्यांची कंपनी वेगळी. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, आणि इस्पितळात ह्यांना ओळखणारी माणसं एकेक करून निवृत्त झाली होती. बाईंना परीक्षेची भीती नव्हती. नापास झाल्या तर एकवेळ पुन्हा बसल्या असत्या. पण ह्यांना कधीही न पाहिलेल्या एका तरी माणसाला ह्यांची ओळख व्हावी, ह्यासाठी तो लेख लिहिला होता, आणि पहिल्याच माणसाला ह्यांच्या जागी लिफ्टचा सुटा भाग दिसला होता.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून परस्पर आली. लेख तिच्या लॅपटॉपवर होता. बाई हाताने लिहीत आणि ती टाइप करी.

“एवढंच ना?” ती म्हणाली. “‘हे’ काढून ‘नवरा’ घालू.”

“नवरा म्हटलं की भांडण काढल्यासारखं वाटतं.”

“मिस्टर?”

“काहीतरीच. ते भिशीतल्या बायकांचे असतात.”

“मग ‘तुझे बाबा’.”

“सरांचे बाबा होतील.”

“आई, तू ना. ‘माझे पती’. बस. सभ्य आहे, कळतं, परीक्षक खूश.”

“रेशनकार्डावर लिहिल्यासारखं आहे,” बाई पुटपुटल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. कधी नव्हे ते काहीतरी ठरत होतं.

“एकेक कशाला बदलत बसायचं? सगळे एकदम बदलता येतात.” मुलीने कुठेसं टिचकी मारली, वर ‘हे’ लिहिलं, खाली ‘माझे पती’ लिहिलं आणि बटण दाबलं. “झालं. वाच.”

बाईंनी चष्मा लावला. “‘इस्पितळाची जुनी लिफ्ट आता भंगारात आमाझे पती.’” त्या थांबल्या. “हे काय गं?”

मुलगी वाकली. “‘ती बंद पडली की लोक बामाझे पतीर येऊन ओरडायचे.’ बामाझे पतीर? अगं, बाहेर. बाहेर होतं ते.”

“‘मी मामाझे पतीरी गेले की…’” बाईंना पुढे वाचवेना. ‘माहेरी’ जायची सोयच राहिली नव्हती, तिथेही पती येऊन बसले होते. ‘हेलपाटे’ पाहायचं त्यांच्यात धाडस नव्हतं, तरी मुलीने शोधून काढलंच. “‘डॉक्टरांनी किती माझे पतीलपाटे घातले,’” तिने वाचलं आणि लॅपटॉप बाजूला सरकवून ती उशीवर कोसळली. दोघी हसता हसता रडकुंडीला आल्या. खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलंही, काय झालं म्हणून. त्या घरात इतकं हसणं फार दिवसांनी होत होतं, आणि दोघींना ते एकदमच जाणवलं.

मुलीने डोळे पुसले. “म्हणजे आई, प्रत्येक ‘आहे’मध्ये बाबा आहेत बघ.”

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. ओळीमागून ओळ, जिथे जिथे ‘आहे’ होतं तिथे तिथे ह्यांनी जागा धरली होती. मग त्यांची नजर खाली गेली, शेवटच्या परिच्छेदावर. तिथे काहीच बदललं नव्हतं.

“‘होते’मध्ये नाहीत,” त्या म्हणाल्या.

मुलगी कीबोर्डाकडे वळली. तिने बदल मागे घेतला. आहे परत आहे झालं, माहेर परत माहेर. मग तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं, आणि विचारलं, “बाबांना नावाने कोण हाक मारायचं गं?”

“तुझी आजी. मोठ्याने, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी.”

“आणि आता?”

बाईंनी आठवून पाहिलं. धाकटा दीर ‘दादा’ म्हणायचा, शेजारचे ‘काका’, कंपनीतले ‘उस्ताद’. आता ते नाव फक्त विजेच्या बिलावर येत होतं. बिल आलं की बाई पत्ता पाहून उघडत, नाव वाचत नसत.

“लग्नाआधी मी मारायचे,” त्या म्हणाल्या. “माइकवरून.”

“ते लेखात कुठे आहे?”

ते लेखात नव्हतं. लेखातली गोष्ट सुरू होत होती ती थेट लग्नानंतर. बाईंनी कोरा कागद ओढला. टेलिफोनची खोली लिहिली, अडकलेली लिफ्ट लिहिली, बटण लिहिलं. मग अवतरणचिन्ह काढून पेन तसंच धरून बसल्या. माइकवर शंभरदा घेतलेलं नाव कागदावर उतरायला इतका वेळ लावेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं, पण तसंच ठेवलं. त्या परिच्छेदात तो होता, ‘तो पळत आला’ होता, दारात उभा राहून ते एक वाक्य बोलला होता. त्याखाली लिहिलं, ‘नंतर आमचं लग्न झालं आणि त्याचे हे झाले.’ पुढे जुना लेख सुरू होत होता, गॅलरी, कपडे, सगळे ‘हे’ जागच्या जागी. मुलीने पहिल्यापासून वाचून पाहिलं. आता कपडे कोण वाळत घालतंय ते विचारायची गरज कोणालाच पडणार नव्हती.

मनोगतात बाईंनी एवढंच लिहिलं: ‘पाचव्या लेखात मी एकही हे बदललेला नाही. फक्त ते कुठून आले, ते आधी सांगितलं आहे.’

शुक्रवारी त्या फाइल द्यायला गेल्या तेव्हा सर निघायच्या गडबडीत होते. खांद्याला पिशवी, हातात किल्ल्या. “ठेवा मॅडम, मी निवांत बघतो,” म्हणत त्यांनी फाइल घेतली, पण सवयीने पाचवा लेख उघडला आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खिशातली पेन्सिल त्यांनी बाहेर काढली नाही, हे बाईंनी पाहिलं.

मग सरांनी मान वर केली आणि ह्यांचं नाव घेतलं. अगदी सहज, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाचं घ्यावं तसं. नाव घेऊन विचारलं, की ते लिफ्टच्या भिंतीला कान लावून नेमकं काय ऐकायचे? ते लेखात नीट आलं नाही.

किती दिवसांनी कोणीतरी ह्यांना नावाने विचारत होतं, आणि विचारणाऱ्याने ह्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“दोर ऐकतात,” त्या म्हणाल्या. “चांगला दोर एका सुरात बोलतो, असं म्हणतात हे. झिजायला लागला की मध्येच श्वास घेतो. डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं म्हणतात.”

‘म्हणायचे’ म्हणायला हवं होतं, हे बाईंच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. सरांच्याही आलं असावं. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून ठेवली, खुर्ची पुढे घेतली आणि विचारलं, “आणखी काय म्हणतात?”