दोन मिनिटांची झोप

"आ-शान, आज दुपारी तुलाच बसायचंय. वेइची दाढ ठणकतेय, तो गेला दवाखान्यात." तलावाच्या व्यवस्थापक फांगबाईंनी तिकिटाच्या खिडकीतूनच ओरडून सांगितलं आणि त्या पुन्हा फोनवर बोलायला लागल्या.

खुन-शानने मान हलवली. दुसरा जीवरक्षक वेइ नाही, म्हणजे दुपारची झोप गेली. फळ्या आणि दोऱ्या ठेवायच्या खोलीत, रबरी चटयांच्या ढिगावर, तो रोज अर्धा तास आडवा व्हायचा. त्या अर्ध्या तासावरच त्याचा उरलेला दिवस उभा असायचा.

तैवानमधल्या पिंगतुंगच्या त्या सरकारी पोहण्याच्या तलावावर तो एकोणीस वर्षं जीवरक्षक होता. गेली दोन वर्षं पहाटे अडीचला उठून तो बायकोच्या नाश्त्याच्या गाडीवरही उभा राहत होता. मेइ-युनच्या मनगटाची शीर धरली, तेव्हा डॉक्टरांनी तिला वळण्या-दाबण्याचं काम बंद करायला सांगितलं. तेव्हापासून भाताचे मुटके तो वळायचा. गरम चिकट भात फडक्यावर थापायचा, आत खारवलेला मुळा, मांसाचा भुगा आणि पिठाची तळलेली कुरकुरीत कांडी ठेवायची आणि घट्ट आवळायचं. सकाळभरात शंभरेक तरी व्हायचे. नऊला गाडी आवरायची, दहाला तलावावर हजर.

हे कसं जमवायचं याचा त्याने स्वतःपुरता एक हिशेब बसवला होता. गाडीला हात लागतात, तलावाला डोळे. सकाळी हात झिजवायचे, डोळे राखून ठेवायचे. गाडीवर तो गिऱ्हाइकांशी फारसं बोलायचा नाही, टीव्ही बघायचा नाही, सुट्ट्या पैशांचं सगळं तिच्याकडे. तलावावर खुर्चीत बसलं की पाय मोकळे सोडायचे, हात मांडीवर टाकायचे, फक्त नजर फिरती ठेवायची. पेंग आलीच तर डोळ्यांखाली मलम चोळायचं. सरबतातल्या बर्फाचे खडे दाताखाली फोडायचे. दोन वर्षं हे बेमालूम चाललं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

"डोळे केवढे लाल झालेत रे! बायकोने बाहेर झोपवलं काय?" लियाओ काका टोपी चढवत खुर्चीखाली येऊन उभे राहिले. निवृत्त बसचालक, सत्तरी पार केलेले. रोज दुपारी, गर्दी नसताना, ते शेवटच्या पट्ट्यात संथपणे पोहायचे.

"वाफ लागते काका, भाताची."

"वाफ! मी छत्तीस वर्षं बस चालवली. मला नको सांगू वाफ." ते हसले. "बस हं तू निवांत. मी काही बुडत नाही."

खुन-शानही हसला. त्याने काळा चष्मा लावला. पत्र्याच्या छपराखाली हवा हलत नव्हती. पाण्यात सहाजण होते. उथळ भागात तीन बायका गप्पा मारत उड्या मारत होत्या, मधल्या पट्ट्यात एक नवराबायको, आणि कडेला काकांची निळी टोपी. त्याने बर्फ फोडला. निळी टोपी त्या टोकाला गेली. निळी टोपी परत निघाली. पाण्यावरचं ऊन हलत होतं, हलत होतं.

"आ-शान! आ-शान! पाण्यात बघ!"

आवाज बायकोचा होता. त्याला वाटलं, आपण गाडीवर आहोत आणि भात करपलाय.

मग त्याला शेवटचा पट्टा दिसला. टोपी दिसली नाही.

खुर्चीवरून तो उतरला नाही, सरळ पाण्यात पडला. काका तळाशी कुशीवर होते, एक हात वर तरंगत होता. त्याने काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, काठावर घेतलं. पुढचं सगळं त्याच्या हातांनी केलं. हनुवटी वर, नाक दाबून दोन श्वास, मग छाती. दाब, दाब, दाब. पहाटेपासून आवळून आवळून दुखणारी बोटं. कुणीतरी रडत होतं. "काका, या परत," तो पुटपुटत होता, "या, या, या." ओठ जांभळे पडले होते. त्याने पुन्हा श्वास दिले, पुन्हा छाती दाबली. अखेर काकांच्या घशातून घुरघुर आली, तोंडातून भसकन पाणी आलं आणि ते खोकले.

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, तेव्हा त्या तीन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय पण नजर! आमच्या लक्षातही आलं नाही."

"घारीसारखी उडी मारली हो!"

खुन-शान काठावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याने वर पाहिलं. कठड्यापलीकडे मेइ-युन उभी होती. एक हात तोंडावर, दुसऱ्या हातात स्कूटरचं हेल्मेट. ती टाळ्या वाजवत नव्हती.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उद्याचे तांदूळ धूत होती. पाणी पांढरं यायचं थांबलं तरी धूतच होती.

"तू कशाला आली होतीस?" त्याने विचारलं.

"कोपऱ्यावरचं दुकान मिळतंय. मालकीण म्हातारी हो म्हणाली. म्हटलं, तुला आधी सांगावं." हे ती अगदी सपाट आवाजात बोलली. पाऊस-ऊन न लागणारी जागा, आत चार टेबलं. दोन वर्षं ती याचीच वाट बघत होती.

"मग आल्याआल्या हाक का नाही मारलीस?"

ती तांदूळ चोळत राहिली.

"आ-युन, मी झोपलो होतो."

"माहितीय मला."

"तू बघितलंस?"

"लग्नाला तेवीस वर्षं झाली. झोपेत तुझा खालचा ओठ कधी सुटतो ते मला चष्म्याआडूनही कळतं." तिने तांदळातून हात बाहेर काढले. "तू एवढा गाढ झोपला होतास. हाक मारणार होते. मग वाटलं, दमलाय. दोन मिनिटं झोपू दे. मी आवाज न करता उभी राहिले. तुझ्याकडेच बघत बसले, आ-शान. पाण्याकडे नाही."

ती रडली नाही. तिने हात पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"वेइ असता तर..." ती म्हणाली.

"वेइला मध्ये आणू नकोस."

"मग गाडी बंद करू. दुकान नको. मी सांगते म्हातारीला."

"आणि मी रोज तिथे वर जाऊन बसू? आठ तास झोपलो तरी आता मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी तो फांगबाईंसमोर उभा राहिला. टेबलावर त्याच्यासाठी मागवलेला हार होता, खात्याचा माणूस फोटोला येणार होता. काका धोक्याबाहेर असल्याचं दवाखान्यातून कळलं होतं.

"मॅडम, मी झोपलो होतो. बायकोने ओरडून उठवलं."

फांगबाईंनी उठून आधी दार लावलं.

"हे आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलूही नकोस. माणूस वाचला ना? तू असलं बोललास तर तलावाला कुलूप लागेल. वेइ, सफाईवाल्या मावश्या, मी, सगळे घरी. तुला एकट्याला बसवलंच का, म्हणून आधी मलाच धरतील."

"मला ती खुर्ची नको."

"मग राजीनामा दे. तब्येतीचं कारण लिही. पण आज फोटोला उभा राहा."

तो उभा राहिला. गळ्यात हार, शेजारी खात्याचा माणूस. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा ना साहेब, जीव वाचवलाय तुम्ही." त्याने ओठ ताणले. हार त्याने तिथेच, खिडकीच्या खिळ्याला अडकवला आणि राजीनामा देऊन तो बाहेर पडला.

लियाओ काका घरी आल्यावर तो त्यांच्याकडे गेला. काका गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसले होते, पायांवर पंचा. त्याला बघून त्यांचे डोळे भरून आले.

"ये, ये! सुनेला सांगतो चहा टाकायला. तू होतास म्हणून मी..."

"काका, मी नव्हतो," खुन-शान म्हणाला. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाडी, पहाट, हुकलेली दुपारची झोप. बायकोचं हाक न मारणं मात्र त्याने सांगितलं नाही.

आतून सुनेने चहा आणून ठेवला. काकांनी पेल्याला हात लावला नाही.

"माझ्या बसमध्ये पन्नास माणसं असायची," अखेर ते म्हणाले. "पेंग आली की मी बस कडेला लावायचो. लोक शिव्या घालायचे. उशीर झाला म्हणून साहेब पगार कापायचे. तरी लावायचो." ते रस्त्याकडे बघत राहिले. "जा तू आता."

तो वाकला आणि निघाला. जिन्यात त्याला त्यांचा खोकला ऐकू येत राहिला.

दुकान त्यांनी घेतलं. चार टेबलं मांडली. भिंतीला हिरवा रंग दिला. मेइ-युनने मदतीला एक बाई ठेवली, त्यामुळे पहाट तासाभराने पुढे सरकली. धंदा बरा चालला. तलावावर नवा जीवरक्षक आला, हे गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळलं. खुन-शानने त्याच्याबद्दल काही विचारलं नाही.

हिवाळा सरला, तसे लियाओ काका पुन्हा पोहायला जाऊ लागले. आता दुपारी नाही, सकाळी, चार माणसं पाण्यात असताना. त्यांचा रस्ता दुकानावरूनच जायचा. ते पलीकडच्या पदपथावरून, खांद्याला पिशवी लावून जायचे आणि इकडे मान वळवायचे नाहीत. पहिल्या दिवशी खुन-शानने हात वर केला होता. मग पुन्हा केला नाही.

दहाच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरतं. मागच्या खोलीत त्याच्यासाठी पलंग टाकलेला आहे, पंखा आहे, खिडकीला पडदा आहे. मेइ-युन टेबलं पुसते आणि म्हणते, "पड जा आता. मी बघते."

"हो, पडतो," तो म्हणतो, आणि फडकी धूत, पिळत, पुन्हा धूत दाराशी उभा राहतो. पलीकडच्या पदपथावरून काका ओले केस घेऊन परत जाताना दिसतात, कोपऱ्यावर वळतात. मगच तो आत जाऊन आडवा होतो.