फक्कीने आखलेली खोली

विद्यापीठात तिला सगळेच मावशी म्हणत, अगदी प्राध्यापकसुद्धा, आणि त्यातले दोघे तर तिच्याहून वयाने मोठे होते. लग्न, संसार, लेकीची शाळा असं सगळं मार्गी लावून बाईंनी पंचेचाळिशीत पदवीच्या वर्गात नाव घातलं होतं. वर्षभराने लेकही तिथेच आली आणि पहिल्याच दिवशी चपला घालता घालता तिने आईला अट घातली.

"तिथे ओळख दाखवायची नाही हं. हाक तर मुळीच मारायची नाही. मैत्रिणींमध्ये माझी शोभा होते."

"बरं बाई," मावशी म्हणाली. हसून म्हणाली, पण लागायचं ते लागलंच.

आता मावशीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि मायलेकींमध्ये भलताच तंटा उभा राहिला होता. विद्यापीठात विद्यार्थी संघाची इमारत बांधायचं घाटत होतं. सरकारने हात वर केले होते, तेव्हा विद्यापीठ कर्ज काढणार आणि विद्यार्थ्यांच्या फीत थोडी भर घालून ते फेडणार. मात्र विद्यार्थ्यांनी मतदान करून हो म्हटलं तरच. मावशी होती इमारत समितीवर, विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून. आणि लेक होती विरोधकांची पुढारी.

"पैसे भरणार आम्ही, पास होऊन जाणार आम्ही, आणि कोचावर लोळणार भलतेच!" लेक जेवताना भाषण ठोकायची.

"हळू बोल, शेजाऱ्यांना मताचा अधिकार नाही," मावशी म्हणायची.

"मी तटस्थ आहे," बाबा म्हणायचे. "मला फक्त मीठ द्या."

खरं सांगायचं तर मावशीला त्या इमारतीतल्या सभागृहाचं काडीचं कौतुक नव्हतं. तिचा जीव अडकला होता तळमजल्यावरच्या एका खोलीत. नकाशात तिचं नाव होतं 'बसायची खोली'. लांबून येणाऱ्यांनी, ज्यांना कोणी नाही त्यांनी, दोन तासांच्या मधल्या वेळेत तिथे यावं, डबा खावा, पाय पसरावेत. तू कोणाबरोबर आलास, असं कोणी विचारू नये. आर्किटेक्ट बाईंनी तिला आधीच बजावलं होतं, "खर्च वाढला की पहिली कात्री हिलाच लागणार, मावशी. हिच्यातून उत्पन्न काही नाही." तेव्हापासून दर बैठकीत मावशी त्या खोलीवर खुडूक कोंबडीसारखी ठाण मांडून बसायची. हा सोस कशापायी, ते तिने समितीत कोणाला सांगितलं नव्हतं. घरी तर नाहीच नाही.

मतदान तोंडावर आलं तशी समितीला एक कल्पना सुचली. नकाशे बघतो कोण? मोकळ्या मैदानावर अख्खा तळमजलाच पांढऱ्या फक्कीने खऱ्या मापात आखावा, म्हणजे पोरांना त्यातून हिंडता येईल. आर्किटेक्ट बाई नेमक्या परगावी होत्या, नाहीतर त्यांनी कपाळाला हात लावला असता. बांधकामातल्या कुणालाही विचारा, उघड्या आभाळाखाली आखलेलं घर खुराड्याएवढं दिसतं. भिंती चढल्या की तीच खोली ऐसपैस वाटते. पण समितीत होते एक इतिहासवाले, दोन रसायनवाले आणि मावशी. त्यांना हे कुठून ठाऊक असणार?

सकाळी पोरं जमली आणि एकच हशा पिकला.

"हे सभागृह? ह्यात माझी सायकल आडवी मावणार नाही!"

लेक खुर्चीवर चढून उभी राहिली. "बघून घ्या! ह्या रेघोट्यांसाठी आपण कर्ज फेडत बसायचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. समितीची तोंडं एवढीशी झाली. इतिहासवाले म्हणाले, फक्की पुसून टाकू या, निदान हसं तरी थांबेल. मावशीला रडू कोसळायच्या बेतात होतं, आणि खरं म्हणजे भूकही लागली होती. तिला एकदम संताप आला. पुसायची तर पुसा, म्हणाली, पण मी एकदा तरी त्या खोलीत जेवणार. आणि 'बसायच्या खोली'ला दारासाठी सोडलेल्या फटीतून ती आत गेली, मांडी घालून बसली आणि तिने डबा उघडला. एवढ्या मैदानात एकटी बाई जेवतेय, लोक बघताहेत.

तिकडे खुर्चीजवळ काय बोलणं झालं ते मावशीला पुढे कळलं. लेकीची मैत्रीण म्हणाली होती, "ही ती मावशी ना? ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात एकटीच जेवत बसते ती?"

"कधी?"

"रोज. मी आल्यापासून बघतेय. कोणी नाहीये वाटतं तिला."

लेक खुर्चीवरून उतरली. तरातरा मैदान ओलांडून आली, पण रेघेपाशी थबकली, वळसा घालून दारातून आत शिरली.

"आई," ती म्हणाली, चांगली खणखणीत. सगळ्या माना वळल्या. "सरक जरा."

मावशीचा घास हातातच राहिला. लेक तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"तू जिन्यात जेवतेस?"

"सावली असते गं तिथे."

"आई!"

"एकटीला घास उतरत नाही," मावशी म्हणाली. "पण होते सवय."

"मला नाही सांगितलंस ते?"

"हाक मारू नको म्हणाली होतीस ना."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, टोमणा नव्हताच त्यात. लेकीला तेच सोसलं नाही. तिने आईच्या डब्यातला घास घेतला आणि तो चावता चावता ती रडायला लागली.

"मत मात्र मी विरोधातच देणार," ती नाक पुसत म्हणाली.

"दे की. आधी जेव."

मग लेकीची मैत्रीण आली, तिच्यामागून आणखी चौघी, नंतर सायकलवालाही. सगळे दारातूनच आले, रेघ कोणी ओलांडली नाही. माणसं बसत गेली तरी खोली भरेना. "अरे, ही तर बरीच मोठी आहे की!" सायकलवाला म्हणाला.

थोडक्या मतांनी का होईना, इमारत मंजूर झाली. लेकीने मत विरोधातच दिलं, आणि मावशीने ते शेजारणींना कौतुकाने सांगितलं. पण परीक्षा संपली तसं मावशीचं समितीवरचं पद गेलं. ठेकेदारांचे आकडे आले ते अंदाजाच्या वर. कात्री निघणार हे तिला कळून चुकलं, आणि आता अडवायला ती तिथे नव्हती. आठवडाभर तिला जेवण गोड लागेना.

एका संध्याकाळी लेक उशिरा घरी आली.

"बैठक होती. तुझ्या जागेवर मी निवडून आलेय."

"तू? तुझा तर विरोध!"

"आहेच. म्हणून तर पै न् पै विचारून घेणार. आज सभागृहाच्या छताची सगळी नक्षी काढायला लावली."

मावशीला पुढचं विचारायचा धीर होईना. लेकच म्हणाली, "त्या खोलीचाही विषय निघाला. हिच्यातून उत्पन्न काय, म्हणाले. मी उभी राहिले आणि सांगितलं, माझी आई दोन वर्षं जिन्यात बसून जेवली. माझ्यामुळे."

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"हो."

"मग?"

"मग काय! खोली राहिली, आई."