व्हिटबीला गेलेला थर्मास

मित्रांनो, माझ्या अंगावर एकेकाळी लाल फुलं होती. आता त्यांतली दोनच नीट दिसतात. झाकण म्हणून माझ्या डोक्यावर जो कप बसतो, त्याचा कान कधीच तुटला आहे. मी एक जुना थर्मास आहे. भूगावच्या एका तीन मजली इमारतीत, तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात राहतो. माझी हकिगत फार मोठी नाही. पण मी इंग्लंडचा समुद्र पाहिला आहे, आणि तो कसा पाहिला ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यात मला काचेच्या दोन भिंती मिळाल्या. मधली हवा काढून घेतली, म्हणून मी गरम ते गरम ठेवू शकतो. पौडच्या बाजारातून एकनाथरावांनी मला आणलं. त्यांची मुलगी गौतमी तेव्हा रांगत होती. भातलावणीच्या दिवसांत एकनाथरावांच्या पत्नी, सुलक्षणाबाई, मला चहाने भरून खाचरांच्या बांधावर आणत. बायका गुडघाभर चिखलातून वर येत, माझ्याभोवती उकिडव्या बसत आणि म्हणत, "सुलक्षणाचा च्या सांजच्यापतूर पोळतोय." हे ऐकून मला फार बरं वाटे.

मग खाचरं गेली. तिथे रस्ता झाला, इमारती झाल्या. एकनाथरावांनी स्वतःचीही एक बांधली आणि वरच्या खोल्या नोकरीसाठी आलेल्या मुलांना भाड्याने दिल्या. घरात स्टीलची बाटली आली. मला माळ्यावर टाकलं. तिथे एका फुटक्या बादलीशेजारी मी किती वर्षं होतो ते मला सांगता येणार नाही. माळ्यावर सगळे दिवस सारखेच असतात.

गेल्या जानेवारीत एकनाथरावांनी शिडी लावून मला खाली काढलं. गौतमी आता इंग्लंडमध्ये लीड्स नावाच्या शहरात एका हॉस्पिटलात नर्स होती. आईवडिलांनी जूनमध्ये यावं, तिघांनी चार दिवस कुठेतरी जावं, असं तिने ठरवलं होतं. ती म्हणाली, लंडन पाहू. एकनाथराव फोनवर म्हणाले, "गर्दी काय भूगावला कमी हाय? समुद्र असंल तितं जाऊ." मग तिने व्हिटबी हे गाव सुचवलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बेत सुरू झाला. वरच्या खोलीत राहणारा पियूष लातूरचा. कंपनीतून आला की तो लॅपटॉप घेऊन खाली येई. व्हिसाचे अर्ज त्यानेच भरले. राहायच्या खोल्यांचे फोटो तो दाखवी, आणि एकनाथराव स्वतः घरमालक असल्यामुळे प्रत्येक खोलीत खोट काढत.

"ह्या बेसिनला दोन नळ कशाला?"

"काका, एक गरम पाण्याचा, एक गार पाण्याचा."

"मग मिसळायचं कुटं?"

"तिकडं तसंच असतं काका."

"अवघड हाय," एकनाथराव म्हणाले आणि खूश होऊन तीच खोली पक्की केली. एका छोट्या वहीत त्यांनी चार दिवसांचा बेत लिहिला. न्यायच्या सामानाची यादीही केली. सुलक्षणाबाई हसून म्हणाल्या, "ह्यो थर्मास कशाला? तुटका हाय." पण एकनाथरावांनी यादीतलं माझं नाव काही खोडलं नाही.

मार्चमध्ये दोघांचा व्हिसा आला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी पाण्याची मोटर चालू करायला गेलेले एकनाथराव मोटरीपाशीच पडले. पियूषने त्यांना गाडीत घातलं. दुपारी ते घरी आले तेव्हा चादरीत होते.

गौतमी तिसऱ्या दिवशी पोहोचली. तिने सगळं केलं. दाखले काढले, बँकेत गेली, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. रडताना मी तिला पाहिलं नाही. तेराव्यानंतर तिची रजा संपली आणि ती परत गेली.

सुलक्षणाबाईही रडल्या नाहीत. त्या वेळेवर उठत, अंघोळ करत, स्वयंपाक करत. कुणी काही विचारलं की एकच शब्द बोलत, "चालंल." भाजी अळणी झाली? चालंल. पंखा बंद करू? चालंल. मी ओट्यावर होतो, त्यामुळे दिवसातून कितीदा तो शब्द ऐकला त्याला मोजमाप नाही.

इंग्लंडचं तिकीट मात्र तसंच राहिलं होतं. गौतमी फोनवर म्हणाली, "आई, तू ये. आप्पांनी ठरवलंय तसंच करू." सुलक्षणाबाई म्हणाल्या, "चालंल." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोठ्या जाऊबाई, धोंडाबाई, आल्या. त्या म्हणाल्या, "वरीस न्हाई सरलं आन् तू समुद्रावर फिराय जाणार? लोक काय म्हनतील?" सुलक्षणाबाई म्हणाल्या, "चालंल. न्हाई जात."

मे महिन्यात एका संध्याकाळी पियूष खाली आला. धोंडाबाई तेव्हा तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या.

"काकू, काकांचं तिकीट मी कॅन्सल केलंय. तुमचं ठेवू की तेही करू? आज शेवटचा दिवस आहे."

"चालंल."

"चालेल म्हणजे काय काकू? दोन्ही कसं चालेल?"

सुलक्षणाबाई गॅससमोर उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत दूध वर आलं, पातेल्याबाहेर पडलं, ओट्यावरून माझ्या बुडाखाली आलं आणि जमिनीवर ठिबकायला लागलं. त्या दुधाकडेच बघत होत्या. हात मात्र हलला नाही.

धोंडाबाईंनी उठून गॅस बंद केला. थोडा वेळ त्या जावेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ओटा पुसता पुसता पियूषला म्हणाल्या, "ठेव तिकीट. जाऊंदे तिला लेकीकडं."

"आणि लोक?"

"लोकांचं मी बघते. हितं ही भिंतीकडं बघून बघून भिंतच व्हायची."

मग सामान भरलं. यादी वाचून धोंडाबाईंनीच भरलं. त्यांनी मला नऊवारी लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवलं. पियूषने विमानतळावर दाखवायला इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली. सुलक्षणाबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. घाबरल्या का, असं गौतमीने उतरल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई." ते खरंच असावं.

लीड्सहून व्हिटबीला बस जाते. वहीत पहिल्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'बस. खिडकीची जागा हिला.' तसंच झालं. बाहेर हिरवे डोंगर होते, मेंढ्या होत्या. सुलक्षणाबाईंनी बाहेर पाहिलं, पण त्यांना काय दिसलं ते मला ठाऊक नाही. खोलीत पोहोचल्यावर त्या हात धुवायला गेल्या. बराच वेळ पाणी वाहत राहिलं, म्हणून गौतमी आत गेली. आई गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी होती आणि हात लालभडक झाला होता.

"आई! अगं भाजतंय ना!"

"चालंल," त्या म्हणाल्या.

गौतमीने तो हात गार पाण्याखाली धरला. ती नर्स होती. किती मिनिटं धरायचा ते तिला माहीत होतं, आणि तेवढी मिनिटं तिने घड्याळाकडे बघून धरला.

दुसऱ्या दिवशी वहीत पायऱ्या होत्या. टेकडीवरच्या जुन्या चर्चला जायला एकशे नव्व्याण्णव पायऱ्या आहेत. 'हिचा गुडघा. सावकाश,' असं एकनाथरावांनी कंसात लिहिलं होतं. दोघी सावकाश चढल्या. वर पोहोचल्यावर फोटो काढला. त्या फोटोत दोघींचे चेहरे पासपोर्टवरच्या फोटोसारखे आले आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गौतमीने मला चहाने भरलं, आणि समुद्राच्या वरच्या बाजूला, जिथे ओळीने बाकं आहेत, तिथे दोघी गेल्या. बसल्यावर तिने वही उघडली आणि थांबली.

"काय हाय आज?" आईने विचारलं.

"आज काहीच ठरवलेलं नाही." मग तिने वाचलं. "'तिसरा दिवस. काही न्हाई. ताम्हिणी घाट उतरून दोनदा समुद्रावर गेलो, दोन्ही टायमाला लग्नाची घाई. बसलो न्हाई. हितं नुसतं बसायचं.'"

खाली समुद्र करड्या रंगाचा होता. समोरून वारा येत होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं कागदातले मासे खात होतं आणि पांढरे पक्षी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होते. दोघी बसून राहिल्या. अर्धा तास झाला असेल, जास्तही असेल. गौतमीने माझा कप भरून आईपुढे धरला.

"चहा घे."

"नको."

गौतमीचा हात तसाच राहिला. इतक्या दिवसांत आई कशालाही नको म्हणाली नव्हती.

"लई गार लागतंय मला," सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "च्या कसला पाजतेस! दातावर दात वाजत्यात हितं. ह्या माणसानं काय बघून असल्या वाऱ्यात आणून बसवलं मला? आन् स्वतः कुटं गेला?"

शेजारच्या जोडप्याने वळून पाहिलं. गौतमीने कप खाली ठेवला. तो कलंडला आणि चहा बाकावरून वाहून गेला. तिने स्वतःचा कोट काढून आईला घातला, त्याची बटणं लावायला घेतली, आणि तिसऱ्या बटणाशी तिला रडू फुटलं. एप्रिलपासूनचं सगळं रडू तिथे आलं. सुलक्षणाबाईंनी भाजलेल्या हाताने तिचं डोकं कुशीत ओढलं. "तुलाबी गार लागंल की येडे," म्हणत त्याही रडल्या.

चौथ्या दिवशी आम्ही परत लीड्सला आलो.

मित्रांनो, सुलक्षणाबाई आता भूगावला आहेत. त्या पूर्ण सावरल्या, असं मी म्हणणार नाही. काही दिवस त्या अजूनही गप्प असतात. पण भाजी अळणी झाली तर तसं सांगतात. काल पियूषने रात्री मोठ्याने गाणी लावली, तर त्यांनी जिन्यात उभं राहून त्याला हाक मारली. तो आनंदाने गाणी बंद करून खाली आला.

माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घेणं सोपं असतं. वापरून झालं की मला धुवा, झाकण काढून वाळवा, उंचावरून पाडू नका, एवढंच मागणं आहे. माणसांचं मला फारसं कळत नाही. पण तुमच्या घरात कुणी भूक, थंडी, दुखणं, सगळ्यालाच 'चालेल' म्हणू लागलं, तर ते उत्तर ऐकून निघून जाऊ नका. त्यांच्याशेजारी जाऊन बसा. वेळ लागेल. बसून राहा.