साफ केलेला मासा

तिला आजारी मासा हवा होता. एक, फक्त एक! नदीत असले मासे डझनावारी आहेत, याची तिला खात्री होती. पण एकही मेला हाती लागेल तर शपथ.

घरात सूनबाई आणि मत्स्य खात्यात मॅडम, अशी ती. माशाचं एक खवलं भिंगाखाली धरलं की त्याचं वय सांगायची. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं खवल्यावरही असतात. मासा भराभर वाढला तर वर्तुळं सुटी सुटी, वाढ खुंटली तर एकमेकांना चिकटलेली. नदीच्या वरच्या वळणावरच्या ट्राउट माशांची गेल्या दोन वर्षांची वर्तुळं अशी चिकटली होती, की मोजता मोजता तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. मासे खंगत होते. अंगावर लाल व्रण आणि त्यावर पांढरी बुरशी, असं गळ टाकणारेच आपापसात कुजबुजायचे. तिनं विचारलं की मात्र अळीमिळी गुपचिळी.

"सापडला तर मला आणून द्या. परत सोडू नका, दुसऱ्यांना लागण होते," असं गळवाल्यांच्या क्लबात ती घसा कोरडा होईस्तोवर सांगून आली होती. पालथ्या घड्यावर पाणी! असला मासा फोटोत बरा दिसत नाही, म्हणून मंडळी तो गळावरून काढून गुपचूप पाण्यात सोडत. इकडे खात्यातल्या साहेबांचं एकच पालुपद: "वाढ खुंटली म्हणजे रोगच कशावरून? खायला कमी मिळत असेल. येत्या बैठकीत रोगी मासा समोर ठेवा, नदी तीन वर्षं मासेमारीला बंद करतो. नाहीतर हंगाम आहे तसा चालू." तीन वर्षं विश्रांती मिळाली तर मासे सावरतील, नाहीतर संपतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिचं ऐकतंय कोण?

क्लबातले सगळ्यात जुने गळवाले म्हणजे तिचे सासरे. त्या दुपारी ती घरी आली, तर ते बाह्या सरसावून स्वयंपाकघरात उभे, आणि ओट्यावर थाळीत मासा.

"घे, सूनबाई. तुझा आजारी मासा. वरच्या वळणावरचा आहे."

तिला नाचावंसं वाटलं. पर्स खुर्चीवर टाकून ती थाळीवर वाकली, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. मासा लख्ख साफ केलेला होता. खवलं एक शिल्लक नाही, कातडी सोललेली, डोकं छाटलेलं, वरून मीठ चोळलेलं.

"बाबा! अहो, हे काय करून ठेवलंत?"

"साफ केला. घाणेरडा मासा सुनेच्या हातात कसा द्यायचा?"

"खवली कुठंयत?"

"जाळली."

"आणि कातडी? डोकं?"

"सगळं मागं नेऊन जाळलं. घरात वास नको."

आता बोलायचं काय, डोंबल? वय खवल्यांत, रोग कातडीत. तेलही गेलं, तूपही गेलं! ती खुर्चीत मटकन बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की या माणसानं जन्मात कधी मासा साफ केलेला नाही. आणायचा, ओट्यावर आदळायचा आणि पेपर वाचत बसायचं. सासूबाई जाईपर्यंत त्यावरून रोज कुरकुरत होत्या.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

सासरे नळाखाली हात धूत राहिले. धुऊन झालेले हात पुन्हा धुतले.

"तीन वर्षं, सूनबाई," ते पाठमोरेच म्हणाले. "डॉक्टर मला एका वर्षाची हमी देत नाही, आणि तू नदी तीन वर्षं बंद करायला निघालीस."

तरी तिचा राग काही उतरेना. "मग बाकीच्यांसारखा पाण्यात सोडायचा होतात ना! मला कळलंसुद्धा नसतं. घरी आणून माझ्या डोक्याला ताप कशाला?"

"सोडणारच होतो. पाण्यात धरलाही होता. पण तूच बोंबलत असतेस ना, दुसऱ्यांना लागण होते म्हणून." त्यांनी नळ बंद केला. "नाही सोडवला माझ्याच्यानं."

या माणसावर रागवावं, की त्याच्या गळ्यात पडून रडावं? दोन्ही करावंसं वाटत होतं, आणि बैठक परवावर आली होती.

"बाबा, मला आणखी एक मासा लागेल."

"माहितीय."

"क्लबातलं कुणी देणार नाही."

"माहितीय म्हटलं ना!" ते खेकसले. मग पंच्यानं हात पुसत हळूच म्हणाले, "सकाळी चल माझ्याबरोबर. असले मासे कुठं दडून बसतात ते दाखवतो. तुझ्या नवऱ्यालासुद्धा कधी दाखवलं नाही. पण गळ तू टाकायचा. नदी बंद करणारा मासा मी नाही काढणार."

"अहो, मला कुठं येतो टाकायला? शिकायलाच किती दिवस जातील!"

"एका सकाळीत शिकवीन," सासरे म्हणाले. "माझ्याकडे आता तेवढीच उरलीय."